स्वीटीचं झालं की माजं

वसई स्टेशनच्या पश्चिमेला, मागच्या गल्लीतल्या त्या सोसायटीत सुनांचा विषय निघाला की कुणी ना कुणी विनिता चुरीचं नाव काढतंच. ‘सासूचं करावं तर विनितासारखं,’ असं म्हणतात आणि बाकीच्या माना डोलावतात. विनिता त्या घोळक्यात असली तर तिला नेमकं त्याच वेळी गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं. ती उठून जाते. बायकांना वाटतं, किती साधी आहे, स्तुती सहन होत नाही बिचारीला. त्यातलं अर्धं खरं आहे. सहन होत नाही, पण साधेपणामुळे नव्हे.

ते समजून घ्यायचं तर आधी स्वीटीची ओळख करून घ्यायला हवी. स्वीटी म्हणजे पांढरीशुभ्र पॉमेरियन कुत्री. नव्वदच्या दशकात वसईत नवी बिल्डिंग उभी राहिली की आधी पाण्याचा टँकर यायचा, मग केबलवाला, आणि मग कुणाच्या तरी गॅलरीत एक पॉमेरियन येऊन जगावर भुंकायला लागायचा. विनिताच्या बिल्डिंगीत तो मान तळमजल्यावरच्या बेटी आंटीच्या कुत्रीचा होता. तिला पिल्लं झाली तेव्हा शेवटी उरलेलं एक पिल्लू आंटीने विनिताच्या ओच्यात टाकलं. ‘घे गं, तुझा दिवस तरी जाईल,’ म्हणाली.

विनिताचा दिवस खरंच जात नव्हता. ती मूळची सावंतवाडीकडची, वाढली भांडुपला. लग्न करून वसईत आली ती धनेश चुरीच्या घरात. धनेश वालीवला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. त्याच्या आईवडिलांची होळी गावात वाडी, घर, विहीर, सगळं होतं, पण चिखल, डास आणि पहाटे उठून फुलं तोडणं हे काही विनिताला झेपलं नाही. दोघं फ्लॅटमध्ये राहायला आली. मूल व्हायचं ते झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, मग दोघांनी तो विषय घरात काढायचाच सोडून दिला. धनेश सकाळी डबा घेऊन गेला की संध्याकाळपर्यंत विनिता आणि चार भिंती. त्यात स्वीटी आली.

पॉमेरियन दिसायला कापसाचा गोळा, पण तो गोळा तसा ठेवायला माणूस लागतं. वरचे लांब केस आणि त्याखाली दाट मऊ लव, अशी दुहेरी गंमत असते. नुसता वरून कंगवा फिरवला तर वर छान दिसतं आणि आत गाठी होतात. बेटी आंटीने विनिताला हे सगळं पायरीवर बसून शिकवलं. डाव्या हाताने केस उलटे धरायचे, थोडं पाणी शिंपडायचं, आणि मुळापासून एकेक थर खाली सोडत विंचरायचं. कानामागे, काखेत, मांडीच्या आत जास्त लक्ष द्यायचं, गुंता तिथेच धरतो. पंजाच्या गादीमधले केस बोथट टोकाच्या कात्रीने कापायचे, नाहीतर लादीवर पाय सरकतो. शेपटीखाली स्वच्छ ठेवायचं. नखाच्या आत गुलाबी दिसतं त्याच्या अलीकडे थांबायचं.

‘आणि गाठ झाली तर कापू नको,’ आंटीने बजावलं होतं. ‘कातरी लावलीस तर कातडी येते हातात. कॉर्नफ्लॉवर टाक चिमूटभर आणि बोटांनी सोडव. टाइम दे त्याला.’

विनिताने टाइम दिला. दुपारची जेवणं झाली की गॅलरीत जुनी चादर पसरायची, स्वीटीला मांडीवर घ्यायचं आणि कामाला लागायचं. धनेशच्या मिशा कापायची छोटी कात्री कायमची स्वीटीच्या डब्यात गेली, तो बिचारा न्हाव्याकडे मिशा नीट करून घेऊ लागला. मांडीच्या आतली एखादी गाठ सोडवायला तिला अख्खी दुपार लागली तरी ती कंटाळायची नाही. एक एक केस मोकळा होताना तिला फार बरं वाटायचं. शिवाय कुत्री गुणी होती. कंगवा दिसला की स्वतःच आडवी व्हायची.

सासूबाईंना मात्र हे सगळं पसंत नव्हतं. जिजाबाई चुरी म्हणजे सरळ नाकाची, खणखणीत आवाजाची बाई. वसईच्या बाजारात फुलांची आणि वाडीतल्या भाजीची टोपली घेऊन बसायची. जागेवरून हटवायला आलेल्या माणसाला तिने असा काही दम दिला होता की तो माणूस पुढे कित्येक दिवस तिच्या समोरून न जाता वळसा घालून जायचा. आणि केस! केस तिचे गुडघ्यापर्यंत. साठी उलटली तरी खोपा मुठीत मावत नसे. शिकेकाईने न्हाऊन ती वाडीत बांधावर केस वाळवत बसली की गावातल्या पोरी बघत राहायच्या.

त्या खोप्यात रोज एक सोनचाफ्याचं फूल असायचं, आणि ते जिजाबाईंनी स्वतः कधी खोवलं नव्हतं. सासरे दिनानाथ पहाटे झाडावर चढायचे. पहिलं उमललेलं फूल दादरच्या फुलबाजारात जायच्या पुडीत टाकायचे नाहीत, देवालाही वाहायचे नाहीत. खाली उतरून ते बायकोच्या खोप्यात खोवायचे. लग्न झाल्यापासूनचा हा नेम. लोक थट्टा करायचे, दोघांनाही त्याचं काही वाटत नसे. अबोल माणूस. त्याला दिवसभरात जे काही बायकोशी बोलायचं असेल ते तेवढ्यात बोलून होत असावं.

तर ही सासू फ्लॅटवर आली की दारातच नाक मुरडायची. सोफ्याच्या कडेवर बसायची. एकदा पोह्यांत एक पांढरा केस निघाला, तेव्हापासून चहासुद्धा घेईनाशी झाली. ‘तुजे कुत्र्याचे केस पोटात गेले म्हंजे मंग?’ असं म्हणून पदराने तोंड पुसायची. इथपर्यंत विनिताने चालवून घेतलं असतं. पण होळी गावातल्या एका लग्नात कुणीतरी आपुलकीच्या आवाजात तिच्या कानावर घातलं की जिजाबाई विहिरीवर म्हणाल्या, ‘नातवंडाच्या जागी कुत्रा बसवलाय आमचे सुनेनं.’ विनिता त्या पंगतीत जेवली, हसली, आहेर दिला. घरी येऊन रात्री रडली. ते वाक्य तिने कधी धनेशलाही सांगितलं नाही. ते तिच्या पोटात राहिलं.

पुढे दोन हजार साली, गणपती होऊन गेल्यावर, जिजाबाई वाडीत फुलं वेचता वेचता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. उजवं अंग गेलं. इस्पितळातून सोडल्यावर डॉक्टर जवळ असावा, मालिश करणारा जवळ असावा म्हणून त्यांना फ्लॅटवर आणलं. दिनानाथांना वाडी सोडता येईना. झाडांना पाणी कोण घालणार? ते वाडीतच राहिले आणि रोज सकाळी सायकलवरून यायला लागले, केळीच्या पानाच्या तुकड्यात एक चाफ्याचं फूल गुंडाळून. जिने चढून यायचे, बायकोला जरा कुशीवर वळवायचे, खोप्यात फूल खोवायचे, पाणी पिऊन परत जायचे.

विनिताने सासूचं केलं. इथे कुणी तिच्यावर आळ घेऊ नये. शौचाचं भांडं देणं, अंग पुसणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, घास भरवणं, यातल्या कशाला तिने नाक मुरडलं नाही. पहिल्या आठवड्यात जिजाबाईंचे डोळे भरून यायचे आणि विनिता म्हणायची, ‘असं काय आई, माझ्या आईचं नसतं का केलं?’ ते तिने मनापासून म्हटलं होतं. रोजचं सगळं ती करत होती. फक्त केस राहत होते.

सुरुवातीला तिने वेणी घातली. पण गुडघ्यापर्यंतचे केस अंथरुणातल्या माणसाचे विंचरायचे म्हणजे चेष्टा नव्हे. माणूस बसत नाही, मान धरत नाही, अर्धे केस अंगाखाली दबलेले. मग एक दिवस राहिलं, मग दोन दिवस राहिलं. वरवर कंगवा फिरवून विनिता खोपा बांधून टाकायची. समोरून डोकं नीटनेटकं दिसायचं. मागे, उशीवर घासून घासून, मानेच्या वर, खोप्याखाली झाकलेला, एक गुंता धरत होता. विनितासारख्या बाईला ते कळलं नाही असं कसं म्हणायचं? कळलं होतं. हाताला लागलं होतं. पहिल्यांदा लागलं तेव्हा तो सुपारीएवढा होता. चिमूटभर कॉर्नफ्लॉवर आणि एक दुपार, एवढ्याचं काम होतं.

दुपार मात्र स्वीटीची होती. जिजाबाईंचा पलंग हॉलमध्ये, गॅलरीच्या दाराला लागून ठेवला होता, वारा यावा म्हणून. विनिता चादर पसरून बसली की सासूला पडल्या पडल्या सगळं दिसायचं. एरवी त्या डोळे मिटून घ्यायच्या. एका दुपारी मात्र त्या बराच वेळ बघत राहिल्या. जीभ जड झालेली होती, शब्द एकेक करून बाहेर यायचे.

‘गो विनिता.’

‘काय आई?’

‘स्वीटीचं झालं की माजं पन जरा ईचर. मागं वढतं.’

‘हो आई, विंचरते हं,’ विनिता म्हणाली. स्वीटीचं होईपर्यंत चार वाजले. मग दूधवाला आला, मग मालिशवाला. संध्याकाळी धनेश आला. त्या दिवशी जिजाबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर दोनतीनदा तसंच झालं. एकदा तर त्या म्हणाल्या, ‘न्हाव घाल गो, डोकं कसंतरी झालंय,’ आणि विनिता म्हणाली, ‘आज टँकरच आला नाही आई, पाणी कुठलं?’ टँकर खरंच आला नव्हता. पिंपात होतं तेवढंच पाणी होतं. पण त्याच दुपारी स्वीटी खाली गटारापाशी लोळून आली, आणि तिला तसं घरात कसं घेणार? विनिताने मोरीत नेऊन तिला साबण लावला, मगाने पाणी ओतलं, टॉवेलने पुसलं, टेबलफॅनसमोर धरून विंचरलं. हॉलमध्ये आली तेव्हा जिजाबाई मोरीच्या दिशेने बघत होत्या. मगाने पाणी ओतल्याचा आवाज दुसऱ्या खोलीपर्यंत जातोच. विनिताची नजर क्षणभर त्यांच्या नजरेला भिडली आणि तिने पंखा उगाचच दुसरीकडे फिरवला. त्यानंतर जिजाबाईंनी केसांचं नाव काढलं नाही.

तिच्या मनात काय होतं? विचारलं असतं तर ती म्हणाली असती, वेळ मिळत नाही. पण एकटी असली की तिला माहीत होतं. ज्या केसांचा त्या बाईला एवढा तोरा होता, ज्या बाईला माझ्या घरातला एक केस चालला नाही, तिच्या केसांना आता जरा थांबू दे. असं तिने शब्दांत कधी म्हटलं नाही. शब्दांत म्हटलं असतं तर कदाचित तिथल्या तिथे लाज वाटून ती थांबली असती.

दिवाळीच्या तोंडावर केळव्याहून नणंद दिपिकाचा फोन आला. ‘उद्या येते गं वहिनी. आधी वाडीत जाते, मग बाबांना घेऊनच येते दुपारी. आईला न्हाऊ घालीन म्हणते, सणाचे दिवस आहेत.’

विनिताने फोन ठेवला. दिपिका न्हाऊ घालणार म्हणजे खोपा सोडणार. तिने जाऊन सासूला कुशीवर वळवलं आणि खोपा सोडून पाहिला. मागच्या सगळ्या केसांचा एकच जाड पट्टा झाला होता, नारळाच्या काथ्यासारखा. मुळाशी कातडी लाल झाली होती. वास येत होता. हे दिपिका बघणार. दिपिका बघणार म्हणजे केळवं, होळी, सगळं गाव बघणार.

दुसऱ्या दिवशी धनेश कामावर गेल्या गेल्या ती बसली. कॉर्नफ्लॉवर टाकलं, खोबरेल ओतलं, बोटं घातली. पण एवढ्या दिवसांचा गुंता तिच्या सोयीने सुटणार थोडाच होता? ओढलं की जिजाबाई कण्हायच्या. कंगव्याचे दोन दात मोडले. विनिताची नजर पुन्हा पुन्हा घड्याळाकडे जात होती. शेवटी ती उठली आणि शिवणाच्या मशीनवरची मोठी कात्री घेऊन आली.

‘काय करतंस गो?’ जिजाबाईंनी विचारलं. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं.

‘गुंता काढतेय आई. थोडंसंच कापावं लागेल.’

जिजाबाईंनी मान वळवायचा प्रयत्न केला. मग म्हणाल्या, ‘नको गो. हे हायेत अजून.’

दिनानाथ आहेत अजून, असं त्या म्हणत होत्या. नवरा जिवंत असताना बाईच्या केसांना कातर लागत नाही, ही त्या लोकांची समजूत विनिताला पुरती ठाऊक होती. लग्न झाल्यावर तिने स्वतःचे केस खांद्यापर्यंत कापायचं म्हटलं होतं तेव्हा याच सासूने तिला थांबवलं होतं. आज ते आठवून तिचा हात थांबायला हवा होता. थांबला नाही. उलट ते आठवलं आणि तिने कात्री घातली. पट्टा जाड होता, दोनतीनदा दाबावं लागलं. तो सुटून हातात आल्यावर बाजूचे लांब केस विचित्र लोंबायला लागले, म्हणून तेही कापले. मानेपाशी सगळं एका रेषेत आणलं. पंजाचे केस नीट करावेत तसं, कडेकडेने, सफाईने.

आणि तेवढ्या वेळात तिला बरं वाटलं. हे कुणाला कळलं नाही आणि कधी कळणारही नाही, पण ती नाकारत नाही. विहिरीवरचं ते वाक्य एवढी वर्षं पोटात होतं, ते त्या कात्रीतून बाहेर पडलं. जेमतेम मिनिटभर.

मग जिजाबाईंचा डावा हात वर आला. मानेवर आला, इकडेतिकडे चाचपला, खाली पाठीकडे गेला, पुन्हा मानेवर आला. मग तो हात सावकाश चादरीवर येऊन पडला. विनिताचं बरं वाटणं तिथेच संपलं, ते आजतागायत परत आलेलं नाही.

तिने घाईघाईने डोकं ओल्या फडक्याने पुसलं, लाल झालेल्या जागी मलम लावलं. गॅलरीत कालच्या वर्तमानपत्रावर स्वीटीच्या विंचरलेल्या केसांचा ढीग पडला होता. त्याच कागदात तिने सासूचे केस गुंडाळले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. सफाईवाली डबा घेऊन गेली. विनिताने दिपिकाला सांगायचं वाक्य तयार करून ठेवलं. डॉक्टरांनीच सांगितलं कापायला.

दुपारी दिपिका आली. दारातूनच ‘आई’ म्हणत पलंगाशी गेली आणि थबकली. ‘वहिनी! केस कुठे गेले आईचे? कोणी कापले?’

मागे दिनानाथ उभे होते, हातात केळीच्या पानाची पुडी.

विनिताने तोंड उघडलं. पण तयार केलेलं वाक्य बाहेर यायच्या आत पलंगावरून आवाज आला.

‘मीच सांगतलं तिला.’ जिजाबाई एकेक शब्द जुळवत होत्या. ‘खाज यायची. तिला नको व्हतं. मीच बोलली, काप.’

दिपिकाचे डोळे भरले. ती आईच्या गालावरून हात फिरवत राहिली. मग उठून तिने विनिताला मिठी मारली. ‘तुला किती जड गेलं असेल गं. किती करतेस तू. आम्हाला पोटच्या पोरींना जमलं नसतं.’ विनिता खांबासारखी उभी राहिली. त्या वेळी तिने सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही आणि वेळ निघून गेली.

दिनानाथ पलंगापाशी आले. जिजाबाईंनी डाव्या हाताने पदर ओढून डोकं झाकून घेतलं. ते पुडी सोडून उभे राहिले. फूल हातात होतं, पण ते नेहमीसारखं कुठे ठेवायचं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी ते उशीवर ठेवलं. ते घरंगळून खाली आलं, त्यांनी पुन्हा ठेवलं.

‘पोरी,’ ते विनिताला म्हणाले, ‘केस कुठं ठेवलेस?’

‘केस?’

‘गंगावन करून आनतो. बाजारात एक बाई हाय, ती करते. खोपा घालाला येल हिला. तिचेच केस, दुसऱ्याचे नाय.’

विनिता पायात चप्पलही न घालता खाली धावली. सोसायटीचा कचरा कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या मोठ्या पिंपात पडायचा. नगरपालिकेची गाडी आली नव्हती, तेवढं नशीब. तिने हात घातला. भाज्यांची देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, त्याखाली ते वर्तमानपत्र. बेटी आंटीने खिडकीतून विचारलं, ‘काय हरवलं गं?’ विनिताने मान हलवली.

ती कागद घेऊन जिन्यात बसली आणि उघडला. काळेपांढरे लांब केस आणि स्वीटीची लव, सगळं एकात एक झालं होतं. कुत्र्याची लव लांब केसाला अशी काही धरते की झटकून जात नाही. तिने एकेक बट मांडीवर घेतली आणि बोटांनी लव काढायला लागली. तिच्या बोटांना ती सवय होती. घाई करायची नाही, ओढायचं नाही, टोकाकडून मुळाकडे यायचं. आणि मग तिला कळलं की गुंत्याचा तो पट्टासुद्धा एका टोकाने सुटतोय. तेल मुरलं होतं. थोडा वेळ दिला असता तर तो डोक्यावरच सुटला असता. ती जिन्यात बसून तोंडावर हात दाबून रडली, आणि हात केसांनी भरलेले असल्यामुळे डोळेही नीट पुसता आले नाहीत.

वर येऊन तिने मिळाले तेवढे केस दिनानाथांच्या हातात दिले. त्यांनी ते केळीच्या पानावर सरळ करून ठेवले. त्यांच्या राठ बोटांना एक पांढरा मऊ पुंजका लागला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला. मग स्वीटीकडे पाहिलं. विनिताकडे पाहिलं नाही. तो पुंजका त्यांनी खाली टाकला नाही, गुपचूप सदऱ्याच्या खिशात घातला आणि पुडी बांधली.

डोक्याला मलम लावलेलं म्हणून न्हाणं राहून गेलं; संध्याकाळी दिपिका केळव्याच्या गाडीला गेली, दिनानाथ वाडीत गेले. धनेशला उशीर होणार होता. विनिताने मऊ भात कालवला आणि पलंगाशी स्टूल ओढून बसली. दिवसभर ती हाच क्षण लांबवत होती आणि त्याचीच वाट बघत होती. सासूने आपल्याला सांभाळून घेतलं. एवढं सगळं कळूनही पोटात घातलं. आता पाय धरून माफी मागायची आणि मोकळं व्हायचं, असं तिने ठरवलं होतं. तिने पहिला घास कालवला आणि म्हणाली, ‘आई, तुम्ही माझ्यासाठी खोटं का बोललात?’

जिजाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. काय उत्तर दिलं तर बरं, याचा त्या विचार करत असाव्यात.

‘मंग काय बोलू?’ त्या म्हणाल्या. ‘दिपिका गेली तिचे घरी. हे गेले वाडीत. पानी कोन देल मला? उद्या भांडं कोन देल? तूच ना?’

आवाजात राग नव्हता. राग असता तर विनिता त्याच्याखाली वाकली असती, तिने तो अंगावर घेतला असता. पण यात माफीही नव्हती. बाजारात माणसाला पळवून लावणारी ही बाई सुनेला घाबरली होती. ती आजच घाबरली नव्हती, केव्हापासून तरी घाबरत होती. म्हणून तर तिने केसांचं पुन्हा विचारायचं सोडलं होतं. घास तिच्या हातात तसाच राहिला.

जिजाबाईंनी त्या थांबलेल्या हाताकडे पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. आपण जास्त बोललो असं त्यांना वाटलं.

‘बरं केलंस गो कापलेस ते,’ त्या लगबगीने म्हणाल्या. ‘हलकं वाटतं.’ आणि त्यांनी घासासाठी तोंड उघडलं.